केल्व्हिन इंग्रज नव्हते

निरपेक्ष तापमान लिहिताना आकड्यापुढे आपण 'केल्व्हिन' असे लिहितो. पाणी २७३.१५ केल्व्हिनला गोठते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. आता एकदा वर्गात विचारून पाहा, केल्व्हिन म्हणजे कोण? बहुतेक हात वर होतील आणि उत्तर येईल, "एक इंग्रज शास्त्रज्ञ." जेम्स वॅट कोण? इंग्रज शास्त्रज्ञ. मॅक्सवेल? इंग्रज. पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग? तेही इंग्रज. उत्तरपत्रिका तपासताना मी ही वाक्ये वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि त्यात मुलांचा फारसा दोष नाही. गाइडांत तसेच छापलेले असते, आणि फळ्यावरही तसेच लिहिले जाते.

वर दिलेल्या चार नावांपैकी एकही माणूस इंग्रज नव्हता.

तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला या उठाठेवी कशाला? सूत्र बरोबर आले, उदाहरण सुटले, की झाले. पण 'वजन' आणि 'वस्तुमान' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की आम्ही गुण कापतो. 'उष्णता' आणि 'तापमान' यांची गल्लत केली की रागावतो. मग 'इंग्लंड', 'ब्रिटन' आणि 'युनायटेड किंगडम' हे तीन शब्द आपण एकाच पोत्यात का भरावेत? शिवाय ज्या देशाची भाषा आपण पहिलीपासून घोकतो, त्या देशाचे नावही आपल्याला धड सांगता येत नसेल, तर ती भाषा आपण अर्धीच शिकलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी केल्व्हिन यांचेच पाहू, कारण त्यांच्या एकट्याच्या चरित्रात हा सगळा गोंधळ सामावलेला आहे. त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४ चा, आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी. वडील गणिताचे शिक्षक होते. त्यांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली, म्हणून सारे कुटुंब ग्लासगोला आले. विल्यम दहाव्या वर्षी त्या विद्यापीठात दाखल झाले! पुढे शिकायला इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेले. १८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगोला प्राध्यापक होऊन परतले आणि त्रेपन्न वर्षे तेथेच शिकवीत राहिले. १८४८ मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. १८९२ मध्ये सरकारने त्यांना 'लॉर्ड' केले.

लॉर्ड झालेल्या माणसाला पदवीसाठी एक नाव निवडावे लागते. थॉमसन यांनी आपल्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या एका लहानशा नदीचे नाव घेतले. तिचे नाव केल्व्हिन. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. आमचे कळंब ज्या मांजरा नदीच्या काठी वसले आहे, ती बीड जिल्ह्यात उगम पावून गोदावरीला मिळेपर्यंत ७०० किलोमीटरहून अधिक वाहते. त्या मानाने केल्व्हिन म्हणजे एक मोठा ओढाच म्हणायचा. पण आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्या ओढ्याचे नाव घेतले जाते. २० मे २०१९ पासून या एककाची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावरून करतात. नाव मात्र स्कॉटलंडच्या नदीचेच राहिले आहे.

मग केल्व्हिन कोण? जन्माने आयर्लंडचे, कर्माने स्कॉटलंडचे, काही शिक्षण इंग्लंडचे. त्यांचे दफन झाले ते लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, न्यूटन यांच्या शेजारी. आयर्लंडने वेगळा कारभार मागू नये, या मताचे ते होते. त्यामुळे स्वतःला 'ब्रिटिश' म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नसती. 'इंग्रज' हा एकच शब्द त्यांना लागू पडत नाही, आणि आपण नेमका तोच वापरतो.

आता नकाशा उघडा. युरोपच्या वायव्येला दोन मोठी बेटे दिसतील. पूर्वेकडचे मोठे बेट ग्रेट ब्रिटन, पश्चिमेकडचे लहान बेट आयर्लंड. ही झाली भूगोलाची नावे. मोठ्या बेटावर तीन देश आहेत : दक्षिणेला व मध्यभागी इंग्लंड, पश्चिमेला वेल्स आणि उत्तरेला स्कॉटलंड. लहान बेटाचा ईशान्येकडील तुकडा म्हणजे उत्तर आयर्लंड. हे चारही मिळून जे राज्य होते, त्याचे पूर्ण नाव 'ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांचे संयुक्त राज्य'. हेच युनायटेड किंगडम. लहान बेटाचा उरलेला मोठा भाग हा आयर्लंडचा स्वतंत्र प्रजासत्ताक देश आहे आणि लंडनशी त्याचा राज्यकारभाराचा काही संबंध नाही.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून आपल्या मापाने मोजू. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. संपूर्ण युनायटेड किंगडम सुमारे २,४३,००० चौरस किलोमीटरचे. म्हणजे ज्यांनी अर्ध्या जगावर झेंडा रोवला, त्यांचे घर आपल्या एका राज्याहूनही लहान आहे. त्यात इंग्लंड सुमारे १,३०,०००, स्कॉटलंड ७८,०००, वेल्स २१,००० आणि उत्तर आयर्लंड १४,००० चौरस किलोमीटर. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. त्याआधीचा आमचा अखंड उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचे धाराशिव आणि लातूर मिळून, साधारण उत्तर आयर्लंडएवढा भरतो. लोकसंख्येत मात्र इंग्लंडचे पारडे फार जड आहे. युनायटेड किंगडमच्या दर शंभर माणसांत सुमारे चौऱ्याऐंशी इंग्लंडमध्ये राहतात. म्हणून तर जग सगळ्यांना 'इंग्लंड' म्हणून मोकळे होते; खुद्द इंग्लंडमधले लोकही पुष्कळदा तसेच बोलतात, आणि मग स्कॉटलंडच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते.

हे चार देश एकत्र आले ते एका दिवसात नव्हे. वेल्स सोळाव्या शतकात कायद्याने इंग्लंडला जोडला गेला. स्कॉटलंडचे राज्य इंग्लंडशी एक झाले १७०७ मध्ये. हे साल लक्षात ठेवायला आपल्याला सोपे आहे, कारण त्याच साली औरंगजेब अहमदनगरला मरण पावला आणि खुलताबादला त्याचे दफन झाले. इकडे एक साम्राज्य विस्कटू लागले, तिकडे एक जुळू लागले. आणखी एक योगायोग सांगतो : स्कॉटलंड व इंग्लंड यांची एकी अमलात आली तो दिवस १ मे, म्हणजे पुढे आपला महाराष्ट्र दिन ठरला तोच. १८०१ मध्ये आयर्लंडही जोडला गेला. १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग फुटून निघाला. २०१४ साली स्कॉटलंडने वेगळे व्हावे की नाही यावर मतदान झाले आणि शंभरातील पंचावन्न लोकांनी एकत्र राहण्याचा कौल दिला. प्रश्न मिटलेला नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी एक गंमत. ज्याला आपण 'इंग्लंडचा संघ' म्हणतो तो खरे तर इंग्लंड आणि वेल्स यांचा मिळून आहे. त्यांच्या मंडळाच्या नावातच वेल्स आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ॲशेस मालिकेची पहिली कसोटी 'इंग्लंड'ने घरच्या मैदानावर खेळली, पण ते मैदान कार्डिफला, म्हणजे वेल्सच्या राजधानीत होते. स्कॉटलंडचा क्रिकेट संघ निराळा. आयर्लंडचा संघ संपूर्ण बेटाचा, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा. फुटबॉलमध्ये चौघांचे चार संघ. ऑलिंपिकमध्ये मात्र सगळे 'ग्रेट ब्रिटन' म्हणून एकत्र! एकाच माणसाने कोणत्या मैदानावर कोणत्या नावाने टाळ्या वाजवायच्या, हे तिथल्या पोरांना बरोबर कळते.

आता शास्त्रज्ञांची वाटणी नीट करू. न्यूटन, फॅरडे, ज्यूल हे इंग्रज; यात शंका नाही. जेम्स वॅट स्कॉटलंडच्या ग्रीनॉक गावचे. मॅक्सवेल एडिंबरोचे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड धडपड सूक्ष्मदर्शकातून पाहणारे रॉबर्ट ब्राऊन स्कॉटिश. फ्लेमिंग स्कॉटिश. टेलिफोनचे ग्रॅहॅम बेल जन्माने एडिंबरोचे. बॉईल यांचा जन्म आयर्लंडमधील लिस्मोरचा. द्रवातून पडणाऱ्या गोळीचा वेग काढताना आपण ज्यांचे सूत्र लावतो ते स्टोक्सही आयर्लंडचे. सायकलच्या चाकात हवा भरताना डनलॉप यांची आठवण काढा. ते स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गुरांचे डॉक्टर. हवा भरलेला टायर त्यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला तयार केला.

वेल्सचे काय? वेल्सचे नाव आपल्या वर्गात कधी निघतच नाही. पण तुम्ही रोज गणिताच्या वहीत जी बरोबरीची खूण काढता, ती रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या माणसाने १५५७ साली प्रथम छापली. दोन समांतर रेघांइतके एकमेकांसारखे दुसरे काय असणार, असा त्याचा साधा विचार होता. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागल्यावर येणाऱ्या संख्येसाठी 'पाय' हे ग्रीक अक्षर प्रथम वापरले ते विल्यम जोन्स यांनी, १७०६ मध्ये. तेही वेल्सचेच, अँगलसी बेटावरचे. त्यांचा मुलगाही विल्यम जोन्सच. तो कलकत्त्याला न्यायाधीश होऊन आला आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे त्याने १७८६ मध्ये जाहीर केले. त्याच कुळात इंग्रजी येते, मराठी येते आणि वेल्सची जुनी भाषाही येते. वेल्श भाषेत तीनला 'त्री' म्हणतात. संस्कृतच्या तासाला हे सांगून पाहा.

या वेल्श भाषेची कहाणी तुमच्या विचारासाठी सांगतो. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील काही शाळांत मूल आपल्या मातृभाषेत बोलले, की त्याच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे मूल तसे बोलताना सापडले, की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई. दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा. म्हणजे इंग्रजी ही भाषा खुद्द त्या बेटावरच्या लाखो मुलांनाही शिकावी लागली, तीही छडीच्या धाकाने. इंग्रजीच्या तासाला घाबरणाऱ्या खेड्यातल्या मुला-मुलींना हे कुणीतरी सांगायला हवे, की तुमच्यासारखीच भीती वेल्समधल्या शेतकऱ्याच्या पोरालाही वाटली होती. आज तेथील शाळांत वेल्श शिकवली जाते, रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात.

गंमत अशी की जुन्या मराठीला हे भेद समजत होते. शिवकालानंतरच्या राजनीतीवरील 'आज्ञापत्र' या ग्रंथात युरोपियनांना एकत्रितपणे 'टोपीकर' म्हटले आहे खरे, पण त्यांच्या जाती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पोर्तुगीज ते फिरंगी, हॉलंडचे ते वलंदेज, फ्रान्सचे ते फरासीस, डेन्मार्कचे ते डिंगमार आणि इंग्लंडचे ते इंग्रज. समुद्रावरून येणारा माणूस कोणत्या राजाचा, हे ओळखल्याशिवाय राज्य राखता येत नाही, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. पुढे इंग्रज एकटेच उरले आणि आपल्या भाषेतील हा चोखंदळपणा संपला. 'विलायत' हा शब्द तर आपण इतका सैल केला की मेक्सिकोकडून आलेल्या झाडाला विलायती चिंच म्हणू लागलो! हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ प्रांत किंवा मुलूख. हिंदुस्थानात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो उचलला, 'ब्लायटी' असा उच्चारला, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलातील खंदकांत बसून ते आपल्या घराला ब्लायटी म्हणू लागले.

मुंबईतील जुन्या महाविद्यालयांपैकी दोघांची नावे घ्या : एल्फिन्स्टन आणि विल्सन. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटलंडचे आणि मिशनरी जॉन विल्सनही स्कॉटलंडचे. निजामाच्या मुलखाची मोजणी करून नकाशे करणारे आणि १८१५ मध्ये भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल झालेले कॉलिन मॅकेन्झी तर स्कॉटलंडच्याही पलीकडच्या लुईस बेटावरचे. आपला नकाशा ज्यांनी काढला, त्यांचे गाव आपल्याला नकाशावर दाखवता येऊ नये, हे बरे नव्हे.

आता आमच्या कळंबविषयी थोडे. महाराष्ट्रात कळंब नावाची गावे एकाहून अधिक आहेत. यवतमाळ जिल्ह्यातले कळंब तर तालुक्याचे ठिकाण आहे आणि तेथील चिंतामणी गणपती प्रसिद्ध आहे. पत्त्यात जिल्हा लिहिला नाही, तर पत्र कोठे पोचेल सांगता येत नाही. नेमके नाव नसले की काय होते, ते आम्हांला कुणी शिकवायला नको.

शिवाय येथील विद्यार्थीही निबंधात लिहितात, "कळंबवर दीडशे वर्षे इंग्रजांचे राज्य होते." हेही चूक. आमचा भाग हैदराबादच्या निजामाच्या संस्थानात होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. त्या काळात नळदुर्गला कारभार पाहणारे मेडोज टेलर हे लिव्हरपूलचे, म्हणजे खरोखरीचे इंग्रज. ही सहा-सात वर्षे वगळली, तर येथे सत्ता निजामाची, आणि निजामावर वचक ब्रिटिशांचा. शेजारची बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे सरळ ब्रिटिश मुलखात. मध्ये करोडगिरीचे नाके. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. बार्शीकडचे लोक आमच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत आणि आमच्या आजोबांना 'मोगलाईतले'. ते म्हणणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण ऐकणाऱ्याला ते बोचत असे. दोन्हीकडे बोली तीच, ज्वारीची भाकरी तीच, पंढरीची वाटही तीच! या सरहद्दीवरून बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी ये-जा करी. कंपनी लंडनची, रूळ काही ब्रिटिश मुलखात आणि काही निजामाच्या, आत बसलेली माणसे मात्र एकाच भाषेत भांडणारी. त्याच मार्गावर आमचे कळंब रोड स्थानक आहे.

येथे १९४० साली जन्मलेला माणूस घ्या. त्याने आपले घर कधी सोडले नाही, तरी तो प्रथम हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्याच्या वडिलांच्या पिढीतील जे शिकले, त्यांनी वरच्या इयत्तांतले गणित उर्दूतून केले. घरात मराठी, शाळेत उर्दू, तारेवर इंग्रजी. (विज्ञान आपल्याकडील भाषेत शिकवता येते, हे उस्मानिया विद्यापीठाने दाखवले होते, एवढे श्रेय मी देईन, ती भाषा येथल्या बहुसंख्य मुलांची नव्हती, हे मात्र खरे.) देश, राज्य, भाषा आणि माणूस या चार निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठवाड्यातल्या मुलाला जितके लवकर उमजेल तितके दुसऱ्या कुणाला उमजणार नाही. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या माणसाचे नेमके असेच आहे. तेथील काही लोक स्वतःला ब्रिटिश म्हणवतात, काही आयरिश, काही दोन्ही. १९९८ च्या करारात हा हक्कच मान्य केलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत तर प्रत्येकाला विचारले होते की तुम्ही स्वतःला काय समजता, आणि एकापेक्षा जास्त खुणा करायला मोकळीक होती.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. भाषेच्या तासाला नकाशा आणि हवामान आणा. इंग्रजीत मनापासून केलेल्या स्वागताला 'उबदार' म्हणतात. आपण म्हणतो, जीव गार झाला, डोळ्यांना थंडावा मिळाला. इंग्रजीत अडचणीच्या काळाला 'पावसाळी दिवस' म्हणतात आणि त्यासाठी पैसे साठवतात. आमच्याकडे पावसाळी दिवस उजाडावा म्हणून देवाला साकडे घालतात! मुले हे वाक्प्रचार घोकतात, पण त्यामागचे कारण कुणी सांगत नाही.

कारण आकाशात आहे. लंडनचा अक्षांश ५१.५ उत्तर, कळंबचा सुमारे १८.६. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी लंडनचा सूर्य क्षितिजावर फक्त १५ अंश चढतो. आपल्याकडे ४८ अंश. तिरपे ऊन जास्त जागेवर पसरते. १५ अंशाची ज्या ०.२६ आणि ४८ अंशांची ०.७४, म्हणजे हवा सारखीच स्वच्छ धरली, तरी दुपारी एका चौरस मीटर जमिनीवर तेथे आपल्या सुमारे तिसरा हिस्साच ऊर्जा पडते. दिवसही आठ तासांहून लहान. अशा ठिकाणी ऊब हाच सुखाचा शब्द होणार.

आणि पाऊस? ऐकून आश्चर्य वाटेल, पण पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या लंडनला वर्षात सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दुष्काळासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या जिल्ह्याची सरासरी त्याहून अधिक आहे! फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. त्यांचा पाऊस वर्षातल्या शंभराहून अधिक दिवसांत वाटलेला, बारीक, कंटाळवाणा. आमचा चार महिन्यांत, त्यातही थोड्याच दिवसांत कोसळून मोकळा होतो, आणि मग मे महिन्याचे ऊन तळ्यातले पाणी शोषून घेते. तेथे बाष्पीभवन कमी, म्हणून गवत हिरवे. ब्रिटनच्या पश्चिमेला डोंगर आहेत. अटलांटिकवरून येणारे ओले पश्चिमी वारे त्यांना अडतात. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगरांत काही ठिकाणी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि पूर्वेला तो झपाट्याने कमी होत जातो. सह्याद्री आणि त्याच्या पर्जन्यछायेतला मराठवाडा डोळ्यांपुढे आणा. महाबळेश्वर चिंब आणि कळंब कोरडे, यामागचे शास्त्र आणि तेथले शास्त्र एकच आहे. 'ब्रिटनमध्ये पाऊस फार' हे वाक्यसुद्धा 'कोणत्या ब्रिटनमध्ये?' असे विचारल्याशिवाय अपुरे राहते.

या माझ्या आग्रहावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. इतिहास शिकवणारे एक स्नेही म्हणतात, "अहो सर, ज्याच्या पाठीवर चाबूक बसला, त्याला मारणारा हात स्कॉटलंडचा की इंग्लंडचा, याचे काय कौतुक?" आक्षेप वजनदार आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. साम्राज्याच्या कारभारात, सैन्यात आणि नफ्यात स्कॉटलंडच्या लोकांनी मनसोक्त भाग घेतला; आयर्लंडमधूनही पुष्कळ शिपाई आले. तेव्हा इंग्लंड तेवढे जुलमी आणि बाकीचे बिचारे, असे चित्र कुणी रंगवू नये. 'इंग्रजांचे राज्य' हा मराठीत रुळलेला शब्द आहे, तो बोलण्यात राहू द्या. माझे म्हणणे विज्ञानाच्या आणि भाषेच्या पुस्तकांपुरते आहे. तेथे जो शब्द लिहायचा तो मोजून लिहावा. चारही देशांसाठी एक शब्द हवा असेल तर 'ब्रिटिश' लिहा; नेमका देश माहीत असेल तर इंग्रज, स्कॉटिश, वेल्श किंवा आयरिश लिहा. त्याला कागद जास्त लागत नाही. आणि परदेशातील एखाद्या पुस्तकात भारतातील प्रत्येक माणसाला 'हिंदी' किंवा 'मद्रासी' म्हटलेले पाहून तुम्हांला राग येत असेल, तर हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा लागेल.

एक काम करून पाहा. आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील ब्रिटिश शास्त्रज्ञांची यादी काढा आणि चार रकाने आखा. शाळेतील नकाशावर त्यांची जन्मगावे टाचणीने टोचा. पहिल्या दहा टाचण्या भराभर लागतील. अडाल ते रोनाल्ड रॉस यांच्यापाशी. डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू त्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला पाहिले. आपण तेव्हा ज्या संस्थानात होतो, त्याच्या राजधानीला हे गाव अगदी लागून. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ब्रिटनला मिळालेले ते पहिलेच नोबेल. घराणे स्कॉटलंडचे. आणि जन्म १८५७ सालचा, हिमालयातल्या अल्मोड्याचा. त्यांच्यासाठी टाचणी कोणत्या नकाशावर लावायची आणि नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, ते वर्गात वाद घालून ठरवा, आणि काय ठरले ते संपादकांना जरूर कळवा.